मार्का बदलला, पोतं तेच



वेल्हे तालुका आता राजगड तालुका झाला. २०२४ साली राज्य मंत्रिमंडळाने होकार दिला, २०२५ च्या ऑगस्टात शिक्का बसला. ७० पैकी ५८ ग्रामपंचायतींनी बाजूने ठराव दिले. माझं भांडण राजगडाशी नाही, हे आधीच सांगून ठेवतो. नाहीतर कुणीतरी दगड उचलायचा. शिवाजीराजाच्या काळी गडाच्या घेऱ्यात राखणीला महार होते, रामोशी होते, कोळी होते. गडाचं नाव आमचंही आहे. सवाल एवढाच, की तालुक्याच्या नावासाठी एवढे हात वर होतात, मग त्याच तालुक्यात आणि शेजारच्या भोरात गावकुसाबाहेर जी वस्ती आहे तिच्या नावासाठी किती हात वर झाले?

कारण त्याचाही हुकूम निघालाय. डिसेंबर २०२० मध्ये सरकारने ठरवलं की महारवाडा, मांगवाडा, बौद्धवाडा, ब्राह्मणवाडा ही जातीची नावं पुसायची. त्याजागी समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, शाहूनगर, क्रांतीनगर. छान. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? पोराने शाळेच्या फॉर्मवर पत्ता लिहावा आणि मास्तरने वर न बघता फॉर्म पुढे सारावा, एवढं सुख आमच्या बापाला मिळालं नाही. हा फायदा मी कमी लेखत नाही.

पण मी गोदीत ओझी उचलतो. जिथे उभा असतो तिला आधी अलेक्झांड्रा गोदी म्हणत, आता इंदिरा गोदी म्हणतात. राणीचं नाव गेलं, पंतप्रधानांचं आलं. पोत्यावरचा मार्का बदलतो तसं. पाठीला विचारा वजन कितीने उतरलं! भोरवाल्यांना हे गोदीत येऊन शिकायची गरज नाही. भाटघरचं धरण १९२८ साली झालं, त्याला लॉईड नावाच्या गोऱ्या गव्हर्नरचं नाव होतं. पुढे जलाशयाला येसाजी कंकांचं नाव दिलं. आपल्या मावळातला माणूस, अभिमान वाटावा असं नाव. पण पाणी? ते गोऱ्याच्या नावाने नीरेच्या कालव्यातून बारामती-फलटणच्या उसाला जात होतं, येसाजीच्या नावानेही तिकडेच जातं.

मग काय, नावात काही नसतं? असं म्हणणारा एकतर मूर्ख असतो नाहीतर सवर्ण. नावात किती असतं ते मराठवाड्याला विचारा. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाने विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला आणि गावंच्या गावं पेटली. आमची घरं जाळली, पोचिराम कांबळेला मारला. एका नावापायी सोळा वर्षं. १९९४ च्या १४ जानेवारीला हाती काय आलं? नामांतर नाही, नामविस्तार. अर्धी भाकरी.

आता ताडून बघा. विद्यापीठाच्या नावाला त्यांनी रक्त सांडलं. महारवाड्याचा भीमनगर करायला मात्र सरकार स्वतः पुढे आलं, आणि कुणाचं डोकं फिरलं नाही. का? कारण पाटीबरोबर दुसरं काहीच हलत नाही. पाणवठा तिथेच, मसणवटा तिथेच, वस्तीचा रस्ता गावाच्या वळणाला येऊन तिथेच संपतो. उद्या 'कुठला रे?' म्हटल्यावर पोरगं 'भीमनगरचा' म्हणेल आणि विचारणाऱ्याला जे कळायचं ते कळेल. वास्तव जुनं राहिलं की नवं नावही शिवी होतं. 'हरिजन' हे गोड नाव असंच वरून आलं होतं. १९३८ साली मुंबईच्या कायदेमंडळात ते कायद्यात घालायला निघाले, तेव्हा बाबासाहेब आपला पक्ष घेऊन सभागृहातून बाहेर पडले. नाव वाईट होतं म्हणून नव्हे फक्त. ज्याला नाव ठेवायचं त्यालाच विचारलं नव्हतं म्हणून.

आणि १९५६? १४ ऑक्टोबरला नागपुरात आम्ही आमचं नाव आम्ही घेतलं. कुणी दिलं नाही. त्याची किंमत पण मोजली. बौद्ध झालात ना, मग सवलती विसरा, असं केंद्राने सांगितलं ते थेट १९९० पर्यंत. चौतीस वर्षं! तरी कोण परत फिरलं? मेलेली ढोरं ओढायचं सोडलं, येसकरकी सोडली, देव विहिरीत टाकले. तिथे नावाबरोबर माणूस हलला. म्हणून ते नाव टिकलं.

आता धोक्याचं बोलतो, नीट ऐका. जातीचा दाखला काढायला गेलात की १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा पुरावा मागतात. माझ्या दाखल्यावेळी एका कचेरीत आजाच्या नावाचा कागद शोधत तीन खेपा झाल्या, तीन दिवसांची मजुरी गेली. तो कागद सापडला तेव्हा त्यावर जी जात होती, जो वाडा होता, तोच कामी आला. दप्तरातून ते नाव सरसकट पुसलं आणि जुन्या-नव्याचा सांधा ठेवला नाही, तर उद्या तुमचा पोरगा कोणत्या तोंडाने हक्क मागेल? शिवाय महारवाडा हा गावाच्या गुन्ह्याचा पंचनामा आहे. पाटी पुसा, पंचनामा फाडू देऊ नका.

आणि फक्त दुसऱ्यांकडे बोट कशाला? फेडरेशन मोडून १९५७ साली रिपब्लिकन पक्ष झाला. जातीच्या नावातून बाहेर पडून सगळ्या पिचलेल्यांचं नाव घ्यायचं, एवढं मोठं स्वप्न. आपण काय केलं? नावापुढे कंस टाकला आणि कंसात एकेका पुढाऱ्याला बसवला. शहरातली आपली शिकलेली पोरं आडनाव बदलून फ्लॅट भाड्याने घेतात. त्यांना मी शिव्या देत नाही, घर कुणाला नको? पण लपण्यासाठी घेतलेलं नाव आणि उभं राहण्यासाठी घेतलेलं नाव यात फरक आहे. तो ज्याचा त्याने रात्री झोपताना तपासावा.

तर मग करायचं काय? सुट्टीला भोर-वेल्ह्याकडे जाल तेव्हा नुसतं मटण खाऊन परत येऊ नका. वस्तीची बैठक घ्या. नाव वस्तीच ठरवील, गाव नाही. बायाही बसतील त्या बैठकीत. जुन्या नावाची नोंद दप्तरात राहील, असं लेखी घ्या. आणि ज्या अर्जात नवं नाव, त्याच अर्जात नळ, रस्ता, मसणवट्याची शेड आणि घराखालची जागा आमच्या नावावर, हेही लिहा. यातलं एक जरी मागितलं तरी बघा, गुपचूप बसलेलं गाव कसं बोलायला लागतं.

गाव बोलायला लागलं की समजा, नाव बरोबर लागलंय.

जय भीम.