दुकान उघडे, नोंद मात्र बंद

उसाबरोबर पुष्कळांचा जोडधंदा आहे, म्हणून हे लिहितो. माझ्या साडूचे डहाणूत चिकूचे दुकान. परवा मोबाईलवर शोधले, तर एका यादीत फोन जुना, शेरा ‘कायमचे बंद’ आणि पत्ता ‘जिल्हा ठाणे’! डहाणू-तलासरी १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहेत. साडू तर गल्ल्यावर बसलेला! अहमदाबाद महामार्गाने तलासरीपर्यंत आलेले गिऱ्हाईक हे वाचून डहाणूकडे कशाला वळेल? चूक यादीवाल्याची खरी, पण नुकसान आपले. गुगलच्या नकाशावरची नोंद मालकाला खातरजमा करून फुकट ताब्यात घेता येते, दुरुस्तही करता येते. नाव, नंबर, पत्ता सगळीकडे एकच ठेवा. गळीत संपल्यावर गट ऑफिसातल्या पोरांनी या कामाला दोन दिवस द्यावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.