अंबराचा सुगंध आणि श्रावकाचा विवेक

मार्गशीर्षातील थंडी पडू लागली आणि लग्नसराई उभी राहिली, की पुरुषांच्या अत्तरदाणीतील गंधही बदलतो. वाळा आणि मोगरा मागे सरतात. 'अंबर' या नावाने विकला जाणारा उबदार, किंचित गोड, धुपाची आठवण करून देणारा गंध पुढे येतो. त्याचे आकर्षण समजण्याजोगे आहे. लिंबूवर्गीय गंध अल्पावधीत उडून जातात. राळेचे जड अंश मात्र अंगाच्या उष्णतेने सावकाश उलगडतात. सकाळी मनगटावर लावलेला थेंब सायंकाळी पेढी बंद करतानाही जाणवतो.

परंतु हे एकच नाव तीन भिन्न वस्तूंना लावले जाते आणि घोटाळा तेथेच होतो. पहिली वस्तू तृणमणी, म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या वृक्षांची अश्मीभूत राळ. ती दागिन्यांत वापरतात. अत्तराशी तिचा फारसा संबंध नाही. दुसरी अंबरग्रीस. स्पर्म व्हेल या सागरी सस्तन प्राण्याच्या आतड्यात माकुळाच्या कठीण चोचींभोवती ती तयार होते. वृत्तपत्रे तिला 'व्हेल माशाची उलटी' म्हणतात. वस्तुतः व्हेल हा मासा नव्हे. अरबी भाषेतील 'अंबर' हा शब्द मुळात याच पदार्थाचा. तिसरी वस्तू म्हणजे निरनिराळ्या राळा आणि सुगंधी द्रव्ये मिसळून साधलेला 'अंबर' गंध. आज बाजारात या नावाने मिळणाऱ्या बहुतेक कुप्यांत हाच असतो.

अंबरग्रीस किनाऱ्यावर वाहून येते. मग तिच्यात हिंसा कोठे, असा युक्तिवाद केला जातो. तो अपुरा आहे. व्हेलच्या शिकारीच्या काळात मारलेल्या प्राण्याची आतडी चिरूनही ती काढली जात असे. जेथे वस्तूला मोठी किंमत मिळते, तेथे ती कशी मिळवली हे विचारणारे थोडेच उरतात. करणे, करविणे आणि अनुमोदन देणे या तिन्हींचा विचार सांगणाऱ्या धर्मात मोजलेली किंमत हेही अनुमोदनच ठरते. प्राण्यांच्या अवयवांचा व्यापार म्हणजे दंतवाणिज्य, आणि पंधरा कर्मादानांत त्याचा निषेध आहे. शिवाय 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार भारतात अंबरग्रीस बाळगणे व विकणे हा गुन्हा आहे. कोकण किनाऱ्यावर तिची तस्करी पकडल्याच्या बातम्या वारंवार येतात. कस्तुरीचीही कथा हीच. नर कस्तुरीमृगाच्या ग्रंथीसाठी त्याचा जीव घेतला जातो.

सुदैवाने या उबदार गंधासाठी कोणाच्याही प्राणाची आवश्यकता नाही. भूमध्य सागराच्या परिसरात सिस्टस नावाचे झुडूप वाढते. त्याच्या चिकट पानांवरील व डहाळ्यांवरील राळ म्हणजे लॅबडेनम. पूर्वी ती झुडपांत चरणाऱ्या शेळ्यांच्या केसांतून विंचरून काढीत. आता डहाळ्या उकळून मिळवतात. तिच्या जोडीला आपल्या घराघरांत परिचित असलेला लोबान आणि व्हॅनिला आले, की अंबराचा पाया सिद्ध होतो. अंबरग्रीसचा विशिष्ट गंधही आता क्लेरी सेज या वनस्पतीतील द्रव्यापासून प्रयोगशाळेत तयार होतो. कनोजचा शमामा तर थंडीचेच अत्तर. दगडफूल, नागरमोथा, जटामांसी, जायपत्री, लवंग अशी द्रव्ये तांब्याच्या डेगेत उकळून त्यांची वाफ परंपरेने चंदनतेलात उतरवतात. यांतील दगडफूल आपल्या मसाल्याच्या डब्यात आणि नागरमोथा दिवाळीच्या उटण्यात पूर्वीपासून आहेच.

तथापि खरी कसोटी गल्ल्यावर लागते. वनस्पतिजन्य वा कृत्रिम अंबर 'असली अंबर' म्हणून विकले, तर तो प्रतिरूपक व्यवहार; तत्त्वार्थसूत्राने अचौर्य अणुव्रताच्या पाच अतिचारांत त्याची गणना केली आहे. खरोखरच असली विकले, तर विरुद्धराज्यातिक्रम आणि दंतवाणिज्य. म्हणजे 'असली' हा शब्द खोटा असो वा खरा, श्रावक दुकानदाराला दोन्हीकडून दोषच आहे. निर्दोष मार्ग एकच: कुपीत काय आहे ते स्पष्ट सांगणे. ग्राहकानेही संकोच न करता विचारावे: यात अंबरग्रीस, कस्तुरी किंवा जवादी आहे का? मधमाशांच्या मेणाचा अर्क आहे का? अत्तराचा आधार चंदनतेल आहे, द्रव पॅराफिन आहे की अल्कोहोल? उत्तर मिळत नसेल, तर ती कुपी परत ठेवणे श्रेयस्कर.

यानंतरही मर्यादेचा प्रश्न उरतोच. दररोजच्या चौदा नियमांत 'कुसुम' आणि 'विलेपन' यांना स्वतंत्र स्थान आहे. हुंगण्याच्या आणि अंगाला लावण्याच्या वस्तूंचेही परिमाण असावे, हा त्यामागील आशय. कमळाच्या गंधात गुंतून सूर्यास्ताला पाकळ्यांत बंदिस्त झालेल्या भ्रमराचा दृष्टांत घ्राणेंद्रियाच्या आसक्तीसाठीच दिला जातो. दहा कुप्यांच्या जागी निर्दोष अशी एक कुपी, आणि तिच्यातलाही एकच थेंब पुरेसा व्हावा. उबदार अंबर पुष्कळ वेळ टिकते, म्हणून ते थोडेच लागते. संयमी माणसाला त्याचा हाच गुण सर्वांत अधिक भावावा.