‘शोध लावला’ हे जरा जपून लिहा

देवदत्त रामकृष्ण भांडारकर १९१७ ते १९३६ कलकत्ता विद्यापीठात प्राचीन भारतीय इतिहासाचे कारमायकल प्राध्यापक होते. त्याच १९१७ साली पुण्यात त्यांच्या वडिलांच्या नावाने प्राच्यविद्या संशोधन मंदिर सुरू झालं. पुण्यात देवदत्तरावांना संशोधक म्हणत असतील, इथे कलकत्त्यात मात्र ते गवेषक. बंगालीत संशोधक म्हटलं असतं तर लोकांना ते प्रुफं तपासणारे गृहस्थ वाटले असते! बंगालीत संशोधन म्हणजे दुरुस्ती, अगदी राज्यघटनेचीसुद्धा, आणि शोध म्हणजे फेड: कर्जाची किंवा वैराची.

ही गंमत इथल्या आपल्या मराठी घराघरांत चालते. माझा मुद्दा वेगळा आहे. बंगाली माणसाला नेमकं बोलायचं तर ठरवावं लागतं की आधीपासून असलेलं काही हाती लागलं, की नवीन काही घडवलं. पहिलं आविष्कार, दुसरं उद्भावन. आपण मराठीत दोन्हीला ‘शोध लावला’ म्हणून मोकळे होतो. आपली शाळेची पुस्तकं आठवा: अमेरिकेचाही शोध लावला, विजेच्या दिव्याचाही.

यात श्रेय भलत्याच गोष्टीचं दिलं जातं. राधानाथ सिकदारांनी एव्हरेस्टचा शोध लावला, असं आपणही सर्रास लिहितो. शिखर तिथेच होतं, तिबेटी लोक त्याला चोमोलुंग्मा म्हणत होते. सिकदारांनी १८५२ च्या सुमारास इतरांनी दुरून घेतलेल्या मोजमापांवरून गणित केलं, आणि ‘पंधरा क्रमांकाचं शिखर’ सगळ्यात उंच निघालं. १८५६ मध्ये २९,००२ फूट ही उंची जाहीर झाली, आणि नाव लागलं ते एव्हरेस्ट साहेबाचं. सिकदारांचं कर्तृत्व त्या आकडेमोडीत आहे. ‘शोध लावला’ म्हटलं की नेमकं तेच झाकलं जातं.

जेम्स प्रिन्सेपचं तसंच. त्याने १८३७ मध्ये याच कलकत्त्यात ब्राह्मी लिपी उलगडली. अशोकाचे लेख दगडावर उघडेच होते. वाचता येत नव्हते, एवढंच. रोनाल्ड रॉसने मात्र १८९८ मध्ये आज आपण पीजी म्हणतो त्या इस्पितळाच्या आवारात, पक्ष्यांचा हिवताप डासांमधून कसा पसरतो, याचा छडा लावला. तिथे ‘शोध लावला’ म्हणायलाही माझी हरकत नाही.

आपल्या मराठी मंडळात कुणी म्हणेल, मग उद्भावन मराठीत घेऊ या. नको. सापडणं, उलगडणं, उकलणं, उमगणं, हुडकणं, छडा लागणं ही क्रियापदं आपल्याकडे असताना नामांची उसनवारी कशाला? आविष्कारही बंगाली अर्थाने नको. मराठीत गायकीचा आविष्कार होतो, तो तसाच राहू दे. जगदीशचंद्र बोस यांनी झाडाची वाढ हजारो पटींनी मोठी करून दाखवणारा क्रेस्कोग्राफ बनवला आणि त्यावर वाढीतले बारीक फरक टिपले. या वाक्यात शोध कुठेच नाही, आणि काही अडलेलंही नाही.