खरेदीखत आपले, मालकी कंपनीची

ज्या वस्तूची पूर्ण किंमत मोजली तिच्यावर मालकी कोणाची, हा प्रश्न वरवर पाहता वकिलांच्या अखत्यारीतला वाटतो. वस्तुतः तो श्रमिकांच्या चळवळीचा प्रश्न आहे, आणि आज तो प्रत्येकाच्या खिशातील स्मार्टफोनच्या रूपाने आपल्यापुढे उभा आहे. फोन तयार करणाऱ्या कंपन्या आपल्या यंत्रावर दुसरी कार्यप्रणाली बसविण्याचा मार्ग एकामागून एक बंद करीत आहेत. ज्या मुक्त सॉफ्टवेअरच्या पायावर ही यंत्रे उभी आहेत त्याची मूळ आज्ञावली, म्हणजे सोर्स कोड, परवान्याचे बंधन असतानाही त्यांतील अनेक कंपन्या वेळेवर देत नाहीत. काही तर मुळीच देत नाहीत. हा संगणकवेड्या तरुणांचा छंद आहे, कष्टकऱ्यांशी त्याचा संबंध नाही, अशी समजूत आपल्या कार्यकर्त्यांतही आढळते. ती तपासून पाहिली पाहिजे.

महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांनी ऑगस्ट २०२१ मध्ये केलेले मोबाईल वापसी आंदोलन आठवावे. बालकांची वजने, गरोदर मातांच्या नोंदी, आहाराचा हिशेब हे सारे वर पाठविण्यासाठी सरकारने २०१९ मध्ये सेविकांच्या हाती स्मार्टफोन दिले होते. दोन वर्षांत त्यांच्या हमीची मुदत संपली. दोन जीबी रॅमच्या त्या फोनवर ‘पोषण ट्रॅकर’ हे नवे ॲप धड चालेना. फोन तापत, मध्येच बंद पडत, आणि दुरुस्तीचा भुर्दंड मानधनावर राबणाऱ्या सेविकेच्या माथी येई. त्यात माहिती भरावयाची ती इंग्रजीतून. अखेर राज्यभर सेविकांनी हे फोन प्रकल्प कार्यालयांत नेऊन परत केले. फेब्रुवारी २०२३ च्या संपातही नव्या मोबाईलची मागणी होतीच.

आंदोलन सर्वस्वी न्याय्य होते. परंतु त्यातून निघणारा एक प्रश्न पुरेसा पुढे आला नाही. सार्वजनिक पैशाने घेतलेले हे फोन मोडके नव्हते. जुने ठरविले गेलेले होते. त्यांवर हलकी कार्यप्रणाली बसवावी, नको असलेला भार काढून टाकावा, ॲप मराठीत आणावे, हे काम नाशिकच्या एखाद्या तंत्रनिकेतनातील होतकरू विद्यार्थ्यांच्याही आवाक्यातले ठरले असते. त्याने सगळेच दोष गेले असते असे नाही. दोन जीबीचे चार जीबी होत नाहीत. पण पेठ-सुरगाण्याच्या पाड्यावर काम करणाऱ्या सेविकेला आणखी दोन-तीन वर्षे निभावता आले असते की नाही, हे ठरविण्याचा अधिकार ना सेविकेला होता, ना फोन विकत घेणाऱ्या सरकारला. किल्ली कारखानदाराकडे होती.

ही किल्ली म्हणजे काय ते समजून घेतले पाहिजे. फोन सुरू होताच प्रथम जागी होणारी एक छोटी आज्ञावली असते; तिला बूटलोडर म्हणतात. कोणती कार्यप्रणाली चालू द्यावयाची हे ती ठरविते. कंपनीने तिला कुलूप घातले की कंपनीच्या शिक्क्याखेरीज दुसरी प्रणाली यंत्रावर चढत नाही. ह्युआवेने २०१८ मध्ये हे कुलूप उघडण्याचे संकेत देणे बंद केले. शाओमी ग्राहकाला अर्ज करावयास लावून दिवसेंदिवस ताटकळत ठेवते. सॅमसंगच्या अनेक फोनांत कुलूप उघडताच आतील एक सूक्ष्म फ्यूज कायमचा जळतो आणि काही सोयी पुन्हा कधीही मिळत नाहीत; २०२५ मध्ये आलेल्या नव्या प्रणालीत तर कुलूप उघडण्याचा पर्यायच काढून टाकण्यात आल्याचे आढळले.

या कुलपाआड जे आहे ते तरी कंपन्यांचे आहे काय? अँड्रॉइड फोनच्या गाभ्याशी लिनक्सचे कर्नल आहे. फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये ते लिहावयास घेतले. पुढे जगभरच्या हजारो जणांनी, कोणी वेतनावर तर कोणी विनावेतन, त्यात भर घातली. रिचर्ड स्टॉलमन यांनी सिद्ध केलेल्या जनरल पब्लिक लायसन्सखाली ते १९९२ पासून सर्वांस खुले आहे. अट एवढीच की, ते वापरून तयार केलेली वस्तू जो दुसऱ्याच्या हाती देईल, त्याने आपण केलेल्या बदलांसह मूळ आज्ञावलीही मागणाऱ्यास दिली पाहिजे. गावच्या विहिरीवरून पाणी न्यावे, पण विहिरीला भिंत घालू नये, असा हा साधा व्यवहार आहे. ही अट न्यायालयात टिकते हे म्युनिकच्या न्यायालयाने २००४ मध्येच दाखवून दिले. तरीही विहीर वापरून भिंत घालणाऱ्यांची संख्या कमी झालेली नाही. कारण एकेका ग्राहकाने अवाढव्य कंपनीविरुद्ध दावा लावावा अशी परिस्थितीच नाही.

शिवाय हा परवाना आज्ञावली मिळवून देतो, कुलूप उघडून देतो असे नाही. ही पळवाट ध्यानी आल्यावर २००७ मध्ये परवान्याची तिसरी आवृत्ती काढण्यात आली आणि तीत अशा कुलपांना अटकाव करण्यात आला. लिनक्सचे कर्नल मात्र दुसऱ्याच आवृत्तीखाली राहिले. म्हणजे सदिच्छेने लिहिलेल्या परवान्यावर विसंबून भागणार नाही. येथे लोकांनी केलेला कायदाच हवा.

अर्थशास्त्राच्या भाषेत या व्यवहाराला विक्री म्हणणे कठीण आहे. सॉफ्टवेअरची आणखी एक प्रत काढावयास खर्च जवळजवळ शून्य. तेव्हा त्यातून नफा टिकवावयाचा तर टंचाई कृत्रिमरीत्या निर्माण करावी लागते. सुरक्षेची सुधारणा थांबवावी, नवी ॲप्स जुन्या प्रणालीवर चालेनाशी व्हावीत, दुसरी प्रणाली बसविण्यास बंदी असावी, म्हणजे धडधाकट यंत्र टाकून नवे घेणे भाग पडते. रिकार्डोने जमिनीच्या संदर्भात ज्याला खंड म्हटले, त्याचीच ही नवी जात आहे. आपल्याकडे मुंबई कूळ वहिवाट कायदा १९४८ मध्ये झाला आणि १ एप्रिल १९५७ या कृषक दिनी कसणारे कूळ जमिनीचे मालक मानले गेले. त्या कायद्याची अंमलबजावणी कितीही अपुरी राहिली असली तरी तत्त्व निर्विवाद होते: जो राबतो त्याचा हक्क आधी. आज फोनचा ग्राहक पूर्ण किंमत मोजूनही कूळच राहतो, आणि कोणत्या क्षणी बेदखल करावयाचे ते जमीनदाराने ठरवावयाचे.

कंपन्यांचा युक्तिवाद सुरक्षिततेचा आहे आणि तो सरसकट खोटा नाही. कुलपामुळे चोरलेल्या फोनचा गैरवापर अवघड होतो, बँकेचे व्यवहार सुरक्षित राहतात. पण घराला कुलूप असावे याचा अर्थ किल्ली घर बांधणाऱ्या ठेकेदाराकडे राहावी असा होत नाही. गूगलच्या पिक्सेल फोनवर मालकाला कुलूप उघडून दुसरी प्रणाली बसविता येते आणि त्याच प्रणालीच्या शिक्क्याने ते पुन्हा लावताही येते. तेव्हा सुरक्षितता आणि मालकी यांत मूलतः विरोध नाही. विरोध आहे तो मालकी आणि मक्तेदारी यांत.

गूगलचे हे उदाहरण दिले म्हणून त्या कंपनीला निर्दोष ठरविण्याचे कारण नाही. अँड्रॉइडमध्ये बदल करून वेगळी प्रणाली काढण्यास फोन कारखानदारांना मज्जाव करणारे करार तिने केले होते. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये तिला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड ठोठावला त्यात या करारांचाही विचार होता. अपील लवादाने मार्च २०२३ मध्ये तो दंड कायम केला. दुरुस्तीच्या हक्कासाठी केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये समिती नेमली, डिसेंबरात एक पोर्टल काढले. परंतु पोर्टल म्हणजे कायदा नव्हे. युरोपीय संघाने मात्र २० जून २०२५ पासून असे बंधन घातले आहे की, एखाद्या फोनची विक्री थांबल्यावरही किमान पाच वर्षे त्याच्या कार्यप्रणालीच्या सुधारणा मिळाल्या पाहिजेत.

आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. सरकार, जिल्हा परिषद वा महापालिका जो फोन, टॅबलेट वा संगणक खरेदी करील, त्याची मूळ आज्ञावली हाती येईपर्यंत देयक अदा होऊ नये. कंपनीने सुधारणा देणे थांबविले त्या दिवशी कुलपाची किल्ली ग्राहकाला मिळालीच पाहिजे. सार्वजनिक पैशाने तयार झालेल्या प्रत्येक ॲपची आज्ञावली खुली असावी. २०१५ मध्ये केंद्रानेच मुक्त सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले होते, त्याचा जाब विचारला पाहिजे. हे अशक्य नाही. केरळने आपल्या सरकारी शाळांतून मुक्त सॉफ्टवेअर रुजविले आणि शिक्षकांनाच त्याचे जाणकार बनविले.

हे काम निवेदनांनी होणार नाही. अंगणवाडी आणि आशा संघटनांनी पुढच्या वाटाघाटींत नव्या फोनच्या मागणीबरोबरच किल्लीची मागणी मांडावी. गल्लोगल्ली फोन दुरुस्त करणारे तरुण कारागीर अद्याप कोणत्याच संघटनेत नाहीत. त्यांच्या पोटावर या कुलपाचा पहिला घाव बसतो, म्हणून त्यांच्यापर्यंत आपण पोहोचले पाहिजे.

नाशिक रोडच्या कारागृहात १९३२-३३ मध्ये जयप्रकाश, अच्युतराव पटवर्धन, एसेम, नानासाहेब गोरे, अशोक मेहता, दांतवाला प्रभृतींनी जी चर्चा केली आणि जिच्यातून १९३४ चा काँग्रेस समाजवादी पक्ष उभा राहिला, तिच्या मुळाशी उत्पादनाची साधने कोणाच्या ताब्यात असावीत हाच प्रश्न होता. तेव्हाची साधने गिरण्या आणि जमिनी ही होती. आज सेविकेची हजेरी, सामान पोहोचविणाऱ्या मुलाची फेरी, शेतकऱ्याचा बाजारभाव हे सारे ज्या साधनातून जाते, ते सात इंचांहून मोठे नाही. त्याची किल्ली मागण्याइतके आपण जागे आहोत काय, याचे उत्तर संघटनेच्या पुढील ठरावांतून मिळाले पाहिजे.