विश्लेषण : ज्वालामुखी पाहायला आइसलँडला? आधी बर्फ, वारा आणि व्हिसाचा हिशेब मांडा

राहाता : आइसलँडच्या रेक्यानेस द्वीपकल्पावर डिसेंबर २०२३ ते ऑगस्ट २०२५ या काळात नऊ वेळा जमीन फाटून लाव्हा बाहेर आला. तरीही जवळच असलेल्या केफ्लाविक या देशाच्या मुख्य विमानतळावरील सेवा ठप्प झाली नाही. याउलट एप्रिल २०१० मध्ये याच देशातील एका ज्वालामुखीने युरोपचे आकाश सुमारे सहा दिवस बंद पाडले, जवळपास एक लाख उड्डाणे रद्द झाली. असे का झाले, हे समजले की या बेटावरील सहलीचे नियोजन निम्मे सोपे होते. उरलेले निम्मे कागदपत्रांचे आहे आणि राहात्यासारख्या शेतीप्रधान तालुक्यातील कुटुंबासाठी तेच जास्त अवघड आहे.

हा देश आहे तरी केवढा?

क्षेत्रफळ सुमारे १ लाख ३ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या साधारण एक तृतीयांश. लोकसंख्या मात्र चार लाखांच्या आसपास. २०११ च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या ४५ लाखांवर होती. तिच्या दहाव्या हिस्स्याइतकीही माणसे या संपूर्ण देशात नाहीत. वात्नायोकुत्ल ही तिथली सर्वात मोठी हिमनदी जवळपास ७,७०० चौरस किलोमीटरवर पसरली आहे. अहिल्यानगर जिल्ह्याच्या क्षेत्रफळाचा जवळजवळ निम्मा भाग बर्फाखाली आहे अशी कल्पना करा, म्हणजे अंदाज येईल.

आग आणि बर्फ एकाच ठिकाणी कसे?

उत्तर अमेरिकी आणि युरेशियन या दोन भूपट्ट्यांच्या सीमेवर हे बेट आहे. हे पट्टे वर्षाला सुमारे दोन सेंटीमीटर वेगाने एकमेकांपासून दूर जात आहेत. त्यातच बेटाखाली खोलवरून उष्ण पदार्थ वर येणारा ‘हॉटस्पॉट’ही आहे. म्हणून जमिनीला भेगा पडतात आणि लाव्हा बाहेर येतो. बेट उत्तर ध्रुववृत्तालगत असल्याने उंच भागावर बर्फ साचून हिमनद्या तयार झाल्या.

हे आपल्याला परके नाही. राहात्याची काळी माती ज्या खडकाची झीज होऊन तयार झाली, तो काळा पाषाण म्हणजे बेसॉल्टच. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी असाच भेगांमधून वाहिलेला लाव्हा थरावर थर साचत गेला आणि दख्खनचे पठार बनले. त्यामागेही एक हॉटस्पॉट होता. तो आज हिंद महासागरातील रियुनियन बेटाखाली आहे. आइसलँडच्या किनाऱ्यावर पर्यटक ज्या षटकोनी खांबांच्या खडकासमोर फोटो काढतात, तसा खडक मुंबईत अंधेरीच्या गिल्बर्ट हिलवर पाहायला मिळतो. फरक एवढाच, की आपल्याकडे ही प्रक्रिया कधीच थांबली आणि तिकडे ती अजून सुरू आहे.

मग २०१० मध्ये विमाने का थांबली आणि आता का नाही?

२०१० मध्ये एयाफ्यात्लायोकुत्ल या ज्वालामुखीचा उद्रेक हिमनदीच्या खाली झाला. वितळलेल्या बर्फाचे पाणी तापलेल्या शिलारसावर पडले, त्याचे स्फोट होऊन अतिशय बारीक राख आकाशात उंच गेली आणि वाऱ्याने ती युरोपवर पसरवली. ही राख म्हणजे काचेसारखे कण. जेट इंजिनाच्या उष्णतेत ते वितळतात, आत चिकटतात आणि इंजिन बंद पडू शकते. म्हणून उड्डाणे थांबवावी लागली.

रेक्यानेसवर उद्रेकाच्या ठिकाणी हिमनदी नाही. तिथे लाव्हा भेगेतून वाहतो, राख फारशी उडत नाही. त्यामुळे आकाश मोकळे राहते, जमिनीवर मात्र नुकसान होते. ग्रिंडाविक हे सुमारे ३,८०० वस्तीचे मासेमारीचे गाव १० नोव्हेंबर २०२३ रोजी रिकामे करावे लागले आणि पुढे जानेवारी २०२४ मध्ये लाव्हाने तिथली काही घरे गिळली. जवळचे प्रसिद्ध ब्लू लगून स्नानकेंद्रही तेव्हापासून अनेकदा तातडीने रिकामे करण्यात आले.

थोडक्यात, ‘आइसलँडमध्ये उद्रेक’ अशी बातमी मोबाइलवर आली की पहिला प्रश्न एकच विचारायचा : उद्रेक बर्फाखाली आहे की उघड्या जमिनीवर? उघड्या जमिनीवर असेल तर बहुतेक सहली सुरू राहतात, फक्त तो परिसर बंद होतो.

वाहता लाव्हा पाहायला मिळेलच का?

याची खात्री कोणीच देऊ शकत नाही. काही उद्रेक एक-दोन दिवसांत संपले, काही कित्येक आठवडे चालले. २०२१ च्या आधी याच द्वीपकल्पावर सुमारे ८०० वर्षे शांतता होती. त्यामुळे लाव्हासाठी तिकीट काढणे म्हणजे पावसाच्या भरवशावर लग्नाचा मुहूर्त धरण्यासारखे आहे. हिमनदी, धबधबे, गरम पाण्याचे झरे आणि आकाशातील प्रकाश यांच्यासाठी जावे; लाव्हा दिसला तर नशीब.

हिमनदी तरी कायम राहणार आहे का?

तीही आक्रसते आहे. ओक नावाची हिमनदी इतकी पातळ झाली की २०१४ मध्ये तिला हिमनदी म्हणणे बंद करण्यात आले. ऑगस्ट २०१९ मध्ये तिथे स्मृतिफलक लावला गेला. वितळणाऱ्या बर्फाचा धोका पर्यटकांनाही आहे. २५ ऑगस्ट २०२४ रोजी ब्रेडामेर्कुरयोकुत्ल येथे बर्फ कोसळून एका अमेरिकी पर्यटकाचा मृत्यू झाला. तो गट मार्गदर्शकासोबत होता. नैसर्गिक बर्फगुहा हिवाळ्यातच पाहाव्यात. उन्हाळ्यात कोणी बर्फगुहा दाखवतो म्हणाला, तर ती मानवनिर्मित आहे का, हे आधी विचारा.

मे की दिवाळी?

आपल्याकडे शाळेच्या सुट्ट्या याच दोन वेळी असतात, त्यामुळे निवड इथेच करावी लागते.

• मे महिना : दिवस खूप मोठा, किनारी रस्ते मोकळे, हिमनदीवर मार्गदर्शकासोबत चालता येते. खरिपाची धांदल सुरू होण्याआधी घरी परतता येते. पण रात्र पुरेशी काळोखी होत नसल्याने उत्तर ध्रुवीय प्रकाश म्हणजेच ‘नॉर्दर्न लाइट्स’ दिसत नाहीत. देशाच्या मध्यभागातील डोंगरी रस्ते साधारण जूनच्या उत्तरार्धात उघडतात, तेही चारचाकी ड्राइव्ह असलेल्या गाडीलाच.

• दिवाळीची सुट्टी : आकाश निरभ्र असेल तर प्रकाश दिसू शकतो. नोव्हेंबरपासून बर्फगुहांचा हंगाम सुरू होतो. पण दिवस झपाट्याने लहान होतो. डिसेंबरअखेरीस रेक्याविकमध्ये जेमतेम चार तास उजेड असतो. वादळात रस्ते अचानक बंद होतात.

मे महिन्यात नॉर्दर्न लाइट्स दाखवण्याचे आश्वासन देणारी जाहिरात दिसली, तर त्या कंपनीला एकही रुपया देऊ नका.

किती दिवस हवेत?

बेटाला फेरी मारणारा ‘रिंग रोड’ सुमारे १,३३० किलोमीटरचा आहे. आकडा पाहून चार दिवसांत होईल असे वाटते, पण तिथला वारा आणि थांबे धरता आठ ते दहा दिवस लागतात. सहा-सात दिवस असतील तर फक्त दक्षिण किनारा करावा. स्वतः गाडी चालवायची असेल तर इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट आरटीओकडून जाण्यापूर्वी काढावे. त्याची मुदत एक वर्ष असते. तिथे वाहने उजव्या बाजूने चालतात. रस्ता सोडून गाडी घालणे हा गुन्हा आहे. वाळू, राख आणि वाऱ्याने उलटे उघडलेले दार यांचे नुकसान गाडीच्या साध्या विम्यात बहुधा येत नाही, म्हणून करार वाचूनच सही करावी.

‘गेरुआ’ गाण्यामुळे आपल्याकडे ओळखीचा झालेला रेनिसफ्यारा हा काळ्या वाळूचा किनारा पाहताना पाण्याकडे पाठ करू नये. शांत वाटणाऱ्या समुद्रातून अचानक मोठी लाट येते आणि माणसाला ओढून नेते. तिथे पर्यटकांचे जीव गेले आहेत. आपत्कालीन क्रमांक आपल्यासारखाच ११२ आहे.

व्हिसा कुठला आणि शेतकऱ्याने काय दाखवायचे?

आइसलँड युरोपीय संघात नाही, पण शेंगेन क्षेत्रात आहे. त्यामुळे शेंगेन व्हिसा लागतो. भारताचा आइसलँड, नॉर्वे, स्वित्झर्लंड आणि लिश्टेनस्टाइन यांच्याशी झालेला व्यापार करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला. त्याने पर्यटकांचा व्हिसा माफ झालेला नाही.

• अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. किमान १५ दिवस आधीची अट आहे, पण उन्हाळ्यात भेटीची वेळच मिळत नाही, म्हणून तीन महिने आधी सुरुवात करावी.
• प्रौढांसाठी शुल्क ९० युरो, त्यावर केंद्राचे सेवाशुल्क. व्हिसा नाकारला तरी हे पैसे परत मिळत नाहीत.
• किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय प्रवास विमा सक्तीचा आहे.
• पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध हवा.

खरी अडचण उत्पन्नाच्या पुराव्याची. शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाही, म्हणून अनेक शेतकरी विवरणपत्रच भरत नाहीत. पैसा असतो, कागद नसतो. मग अर्जाच्या आठवड्यात नातेवाइकांकडून घेतलेले चार-पाच लाख खात्यात जमा केले जातात आणि नेमका तोच व्यवहार संशयास्पद ठरतो. त्यापेक्षा ऊसबिल, बाजार समितीतील पेरू-डाळिंबाच्या पट्ट्या यांचे पैसे वर्षभर बँकेतूनच घ्यावेत, शेतीचे उत्पन्न दाखवून विवरणपत्र भरावे आणि सातबारा, साखर कारखान्याची बिले यांचे इंग्रजी भाषांतर जोडावे. परत येण्याचे कारण म्हणूनही जमीन हा भक्कम पुरावा आहे.

विमान कुठून?

शिर्डी विमानतळ २०१७ मध्ये सुरू झाले असले तरी आइसलँडचा प्रवास प्रत्यक्षात मुंबई किंवा दिल्लीहून सुरू होतो आणि युरोपात विमान बदलावे लागते. शेंगेन देशात बदलल्यास इमिग्रेशन तिथेच होते. तिथे १२ ऑक्टोबर २०२५ पासून टप्प्याटप्प्याने बोटांचे ठसे व फोटो घेणारी नवी प्रणाली सुरू झाल्याने दोन विमानांमध्ये किमान तीन तास ठेवावेत. लंडनमार्गे जाणाऱ्यांनी ब्रिटनचे ट्रान्झिट नियम वेगळे तपासावेत.

पैसे कसे वाचवायचे?

व्हिसा हातात येईपर्यंत रद्द करता येणारीच तिकिटे व हॉटेले घ्यावीत. प्रवास विमा बुकिंगच्या वेळीच काढावा. उद्रेक सुरू झाल्यावर काढलेल्या विम्यात तो उद्रेक ‘आधीच माहीत असलेली घटना’ ठरून भरपाई नाकारली जाऊ शकते. परदेशी टूर पॅकेजवर कापला जाणारा टीसीएस हा खर्च नाही. विवरणपत्र भरले तर तो करात वळता होतो किंवा परत मिळतो. शेतकऱ्याने विवरणपत्र भरण्याचे हे दुसरे कारण.

एका कुटुंबाची काही वर्षांची बचत या सहलीत लागते. ज्वालामुखीचे वेळापत्रक कोणाच्या हातात नाही, पण महिना, रस्ता, विमा आणि बँकेचे खाते आपल्या हातात आहे. पुढच्या मे महिन्यात जायचे असेल, तर त्याची तयारी या हंगामाची पहिली पट्टी खात्यात जमा करण्यापासूनच सुरू होते.