परसातील खुराडे आणि वादळाची रात्र

विलेपार्ल्यातील जुन्या बंगल्यांच्या जागी आता बहुतेक ठिकाणी उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत. तथापि ज्यांच्या घरामागे अद्याप परस शिल्लक आहे, त्यांच्यापैकी कोणी मुलांच्या हौसेखातर पाच-सात कोंबड्या पाळल्या असतील, तर आजचे चार शब्द त्यांच्यासाठी आहेत. इर्ल्याच्या गावठाणात कोंबडी ही काही नवी पाहुणी नव्हे; आपल्या पांढरपेशा घरांत मात्र ती येते, तेव्हा अंडी खावीत की न खावीत हा वादही तिच्याबरोबर येतो. त्या वादात आम्हांस आज शिरावयाचे नाही. ज्या जिवास आपण जाळीआड कोंडले, त्याच्या रक्षणाचा भार आपल्यावर आहे, एवढे दोन्ही पक्षांस मान्य व्हावे. मोकळी कोंबडी पावसाची चाहूल लागताच वळचणीचा आसरा शोधते. कडी घातलेल्या खुराड्यातील कोंबडीची ती वाट आपणच बंद केलेली असते.

मुंबईस चक्रीवादळे येत नाहीत, या समजुतीवर आता विसंबून चालणार नाही. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ वादळ रायगड जिल्ह्यात किनाऱ्यावर आले आणि श्रीवर्धन, मुरूड, दापोलीकडील नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. पुढच्याच वर्षी, १७ मे २०२१ रोजी, ‘तौक्ते’ मुंबईच्या बाजूने समुद्रावरूनच उत्तरेस निघून गेले. तरीही पार्ल्याला लागून असलेल्या सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत सुमारे २३० मिलिमीटर पाऊस मोजला गेला. याच वेधशाळेने २६ जुलै २००५ च्या पावसाची ९४४ मिलिमीटर अशी नोंद केली होती, आणि त्या दिवशी कुलाब्यास मात्र जेमतेम ७४ मिलिमीटर पडला होता. तेव्हा शहरात अन्यत्र काय घडत आहे, यावरून आपल्या परसाचा अंदाज बांधू नये.

खुराडे बांधताना आपण नेहमीच्या पावसाचा विचार करतो. तो पश्चिमेकडून व नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून खुराड्याचे तोंड पूर्वेस ठेवण्याची रीत आहे, आणि ती योग्यही आहे. परंतु चक्रीवादळाचा वारा आपल्या गोलार्धात घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतो. त्यामुळे वादळ नैर्ऋत्येकडून जवळ येत असता मुंबईस पहिला जोर पूर्वेचा किंवा आग्नेयेचा लागतो, आणि ते समुद्रावरून उत्तरेस सरकले म्हणजे वारा दक्षिणेकडून फिरत नैर्ऋत्येस जातो. म्हणजे जी बाजू आपण सुरक्षित समजून उघडी ठेवली, तिच्यावरच पहिला मारा होतो. हे ध्यानात ठेवले, की चारही बाजूंचा बंदोबस्त का करावयाचा, हे निराळे सांगणे नलगे.

हवामान खाते साधारणतः ७२ तास आधी पूर्वसूचना देते, ४८ तास आधी सावधगिरीचा इशारा देते आणि २४ तास आधी धोक्याचा. तयारीचीही अशीच तीन टप्प्यांत वाटणी करावी. पहिल्या सूचनेबरोबर खुराडे कोठे उभे आहे ते पाहावे. ते नारळाखाली किंवा आंब्याच्या वाळक्या फांदीखाली असेल, तर हलवावे. फांद्या छाटण्यास महानगरपालिकेची परवानगी लागते, म्हणून ते काम मे महिन्याच्या आधीच उरकलेले बरे. जमीन सखल असेल, तर खुराडे विटांच्या चौथऱ्यावर चढवावे. कोंबडीस पाण्यात फार काळ तग धरवत नाही.

दुसऱ्या सूचनेनंतर छपराकडे वळावे. पत्र्यावर नुसते दगड ठेवण्याची आपल्याकडे सवय आहे, पण वाऱ्याने पत्रा उचलला की तोच दगड आत पडतो. पत्रा चौकटीस खिळ्यांऐवजी स्क्रूने अथवा नटबोल्टने आवळावा, वरून जाड दोर घेऊन तो जमिनीतील पक्क्या खुंट्यांस ताणून बांधावा आणि वाळूची पोती पायांशी, खालच्या आडव्या लाकडावर ठेवावीत. तीन दिवसांचे दाणे घट्ट झाकणाच्या डब्यात भरून घरात आणावेत. अंड्यावरची एक कोंबडी दिवसास सुमारे १२० ग्रॅम दाणे खाते व पाव लिटर पाणी पिते, म्हणजे आठ कोंबड्यांस दररोज एक किलो दाणे व दोन लिटर पाणी पुरे होते.

शेवटच्या दिवशी दिवे लागण्यापूर्वी कोंबड्या मोजून आत घ्याव्यात. त्या तिन्हीसांजेस आपण होऊन दांडीवर येतात. अंधारात त्यांस नीट दिसत नाही, तेव्हा मध्यरात्री शोधाशोध करण्याची पाळी येऊ देऊ नये. खुराड्यात विजेचा दिवा असेल, तर त्याची जोडणी काढावी.

यानंतर एक चूक दयाळू माणसांकडूनच होण्याचा संभव असतो. भिजू नयेत म्हणून खुराडे ताडपत्रीने सर्व बाजूंनी लपेटले जाते. कोंबडीच्या अंगाचे तापमान मुळातच ४१ अंशांच्या वर असते आणि तिला घाम येत नाही. चोच उघडून धापा टाकणे हाच तिचा उष्णता घालविण्याचा मुख्य उपाय. मे-जूनच्या दमट हवेत कोंडलेल्या खुराड्यात हा उपाय निकामी होतो, शिवाय विष्ठेतील अमोनियाने श्वास कोंडतो. यास्तव ताडपत्री दांडीच्या उंचीपर्यंतच घट्ट बांधावी आणि छपराच्या पाखाखाली वीतभर जाळी उघडी ठेवावी.

इतके करूनही खुराडे कच्चे आहे असे वाटले, तर कोंबड्या घरात आणाव्यात. येथे एकत्र कुटुंबात मतभेद होणार, हे आम्ही जाणतो. ओसरीवर कोंबड्या आणण्याची कल्पना वडीलधाऱ्यांस, विशेषतः देवघर सांभाळणाऱ्या आजीबाईंस, रुचणार नाही. त्यांच्या भावनेस धक्का न लावता मागील पडवीच्या कोपऱ्यात वर्तमानपत्रे अंथरून, डालग्याखाली दोन-दोन कोंबड्या ठेवता येतात; सकाळी जागा धुऊन काढली की झाले. ज्या धर्माने दारच्या मुक्या प्राण्यास घास काढून ठेवावयास शिकविले, तो एका रात्रीच्या आसऱ्यास आड येईल, असे आम्हांस वाटत नाही. आणि घरच सोडण्याची वेळ आली, तर कोंबड्या बरोबर न्याव्यात. ते अशक्यच असेल, तर निदान खुराड्याची कडी काढून मग निघावे.

वादळ ओसरल्यावर प्रथम कोंबड्या मोजाव्यात. भिजलेलीस कोरड्या फडक्याने टिपून उबेस ठेवावे. ओले तूस व भुसा त्याच दिवशी काढून टाकावा, कारण ओलीत रक्ती हगवणीचा रोग बळावतो. भिजलेले दाणे वाळवून पुन्हा घालू नयेत. बुरशीचे विष वाळविल्याने जात नाही. साचलेल्या पाण्यात उंदरांच्या मुतापासून लेप्टोस्पायरोसिसची भीती असते, म्हणून मुलांस अनवाणी परसात सोडू नये. काही दिवस अंडी कमी मिळतील. त्याची चिंता नको.

कोंबडे झाकले म्हणून उजाडावयाचे राहत नाही, अशी आपली जुनी म्हण आहे. वादळही तसेच यावयाचे राहत नाही. म्हणून मृगाच्या आधीच्या एखाद्या रविवारी घरातील मुलांस हाताशी घेऊन दोर, खुंट्या व पत्रे तपासून घ्यावेत. हे काम दोन तासांचे आहे, आणि पाळलेल्या प्राण्याचे देणे कसे फेडावे, हे मुले त्यातच शिकतील.