पावसाळ्यातला मास्तर

नागपूर शहरापासून समुद्र कोणत्याही दिशेला शेकडो मैल दूर आहे. तथापि बेटावरील जीवन कसे असते याची जिज्ञासा ज्या नागपूरकरास असेल त्याला जहाजाचे तिकीट काढण्याचे प्रयोजन नाही. आलापल्लीचे अरण्य ओलांडून त्याने जुलै-ऑगस्टच्या सुमारास गडचिरोली जिल्ह्यातील भामरागडास जावे. इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा या तीन नद्यांचा संगम येथे आहे. पावसाने जोर धरला की पर्लकोटेला तुंब येतो, रस्ता व पूल पाण्याखाली जातात, आणि तालुक्याचे ठाणे व त्यापलीकडची गावे यांचा उर्वरित महाराष्ट्राशी असलेला संबंध काही दिवस केवळ सरकारदरबारच्या नकाशापुरता उरतो. 2019च्या पावसाळ्यात हे पुनःपुन्हा घडले. अशा मुलखात स्वेच्छेने मास्तरकी करू इच्छिणाऱ्या तरुणांची संख्या आपल्या शहरात कमी नाही, आणि ही गोष्ट निःसंशय अभिनंदनीय आहे. परंतु त्यांतील बहुतेकांचे आगमन डिसेंबरात, म्हणजे नद्या उतरल्यावर आणि हवा गोड झाल्यावर होते, हे लक्षात घेता त्या अभिनंदनास काही मर्यादा घालणे मला भाग वाटते.

अल्पकाळाचे सेवाकार्य सर्वस्वी व्यर्थ असते असे माझे म्हणणे नाही. बाबा आमटे यांनी 1967 साली विदर्भातल्याच सोमनाथ येथे श्रमसंस्कार छावणी सुरू केली, ती मे महिन्यातल्या थोड्या दिवसांचीच होती. पण तेथे आलेल्या तरुणाच्या हाती कुदळ-फावडे दिले जाई, आणि अर्धवट खणलेला चर दुसऱ्या कोणी पुरा केला तर चराचे काही बिघडत नाही. अर्धवट शिकवलेल्या मुलाची गोष्ट निराळी आहे. 23 डिसेंबर 1973 रोजी भामरागडाजवळच्या हेमलकशास लोकबिरादरी प्रकल्पाची स्थापना झाली, नागपुरात वैद्यकाचे शिक्षण घेतलेले डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे तेथे राहावयास गेले, आणि 1976 साली माडिया मुलांसाठी शाळा निघाली. त्या शाळेतून पुढे माडिया समाजातले डॉक्टर, वकील, शिक्षक निघाले ते कोणा पाहुण्याच्या वक्तृत्वामुळे नव्हे, तर गोपाळ फडणीस यांच्यासारखी माणसे तेथे राहावयाचेच ठरवून राहिली म्हणून. 2008 साली आमटे दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला तेव्हा हेमलकशाचे नाव सर्वतोमुखी झाले, आणि त्यानंतर तेथे जाणाऱ्या मोटारींची संख्याही अर्थातच वाढली.

अरण्यातल्या निवासी शाळेवर रुजू होणाऱ्या मास्तराचा दिवस कसा जातो, याविषयी शहरात पुष्कळ काव्यमय कल्पना आहेत. प्रत्यक्षात तो उजाडण्यापूर्वी मुले मोजण्यापासून सुरू होतो, कारण वसतिगृहाला न रुळलेले मूल रात्रीतून रानवाटेने घराकडे निघून गेलेले असू शकते. मग आंघोळी, खरजेवरचे मलम, डोक्यातल्या उवा, हजेरी, प्रार्थना; आणि हे सर्व उरकून पहिलीच्या वर्गात पाऊल टाकावे तर समोरच्या मुलांना मराठीचे एक अक्षर कळत नाही, कारण त्यांची माडिया बोली ही गोंडीच्या, म्हणजे द्राविडी कुळातली, आणि पुस्तक मात्र त्यांनी कधी न पाहिलेल्या आगगाडीविषयी त्यांनी कधी न ऐकलेल्या भाषेत बोलत असते. तहान, भूक आणि पोटदुखी यांना मुलाच्या बोलीत काय म्हणतात हे जोवर मास्तराला अवगत नाही तोवर तो शिकवतो या म्हणण्याला फारसा अर्थ नसतो. आणि हे ज्ञान पंधरवड्यात होत नाही. पावसाळ्यात भाजीपाला संपतो, वरणभातावर दिवस काढावे लागतात, मोबाइल मुका होतो, आणि तापाने फणफणलेल्या मुलाच्या उशाशी रात्र जागून काढताना हा हिवताप आहे की साधा ताप, आणि पूल कधी मोकळा होईल, हे दोनच प्रश्न मास्तरासमोर असतात. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले पडू लागली की गावच्या शाळेचा पट ओसाड होतो. पाठोपाठ मे महिन्यात तेंदूपत्त्याचा हंगाम येतो. नव्या मास्तरास यात पालकांची अनास्था दिसते. पण त्या काही आठवड्यांच्या वेचणीवर घरातला वर्षाचा रोख पैसा अवलंबून असतो, हे ज्याने दोन हंगाम पाहिले त्याला सांगावे लागत नाही.

राहणाऱ्यालाच जे सुचते त्याचे एक उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीस काम आरंभिले आणि 1957 मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. वारली मुले गुरांमागे जातात, म्हणून शाळेत येत नाहीत, असे दिसल्यावर शाळाच कुरणात नेण्याची कल्पना तेथे निघाली. अनुताई 1992 साली निवर्तल्या तोवर त्यांचे काम त्याच परिसरात चालू होते.

परदेशांतही हा अनुभव निराळा नाही. अमेरिकेने 1961 साली पीस कोअर स्थापन केला आणि त्याच वर्षी त्याचे स्वयंसेवक कॅरिबियन समुद्रातील सेंट लुसिया बेटावर उतरले. त्या बेटावरही शाळेची भाषा इंग्रजी आणि घराघरांतली बोली फ्रेंचमधून उपजलेली क्रिओल, असा आपल्या भामरागडासारखाच पेच होता. त्या संस्थेच्या राजकीय हेतूंविषयी शंका घेण्यास पुष्कळ जागा आहे आणि ती घेतलीही गेली आहे. पण सुमारे तीन महिन्यांचे प्रशिक्षण आणि त्यानंतर दोन वर्षांचे वास्तव्य, हा तिचा दंडक मात्र घेण्याजोगा आहे.

आता दुसरी बाजू. स्वयंसेवेचा गौरव ऐकला की सरकारला काटकसरीची उबळ येते. सन 2000च्या सुमारास आपल्या राज्याने दुर्गम वस्त्यांवर वस्तीशाळा काढल्या, तेथील शिक्षकास स्वयंसेवक हे पद बहाल केले, दरमहा एक हजार रुपये मानधन ठरवले, आणि पुढे त्यांना निमशिक्षक म्हणत म्हणत नियमित सेवेत घेण्यास 2014 साल उजाडू दिले. शिक्षणसेवकाची योजनाही त्याच काळातली. तिच्यात प्राथमिक शिक्षकाने तीन वर्षे दरमहा तीन हजार रुपयांत काढावी अशी अपेक्षा होती. गडचिरोलीस झालेली बदली ही शिक्षा समजली जाते, आणि बदलीच्या धोरणात अवघड क्षेत्रातली तीन वर्षे भरली की शिक्षकास सुटकेचा हक्क मिळतो. या व्यवस्थेवर उपाय म्हणून शहरातून चार उत्साही तरुण पाठवणे म्हणजे रिक्त पदाच्या जागी सद्भावना भरणे होय. पूर्ण वेतनाचा, मुलांची बोली येणारा, शक्यतो त्याच तालुक्यातला शिक्षक ही सरकारची जबाबदारी आहे; स्वयंसेवक हा त्याचा साहाय्यक असावा, बदली कामगार नव्हे.

म्हणून नागपूरच्या धरमपेठ-रामदासपेठेतल्या संस्थांना आणि महाविद्यालयांना माझी विनंती आहे की, मुले पाठवावयाची असतील तर ती संपूर्ण शैक्षणिक वर्षासाठी पाठवावी, जाण्यापूर्वी माडिया बोलीचा पाया पक्का करून पाठवावी, आणि पहिला पावसाळा संपण्याआधी कोणासही माघारी येण्याची मुभा ठेवू नये. ज्यांना इतका काळ देता येत नाही त्यांनी ते संकोच न बाळगता कबूल करावे आणि तेथे टिकून असलेल्या शाळांना पुस्तके, औषधे व पैसा पाठवावा. त्यातही कमीपणा नाही. ज्यांना तेवढा काळ देता येतो त्यांच्यासाठी सांगतो की विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरच्या आठवड्यात उघडतात, आणि पर्लकोटा त्या वेळी बहुधा ओलांडता येते.